चरबीच्या पेशी आणि कोरा रकाना

मी जाड आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण मी चरबीवर काम करत होते असं कुठेही म्हटलं, की समोरचा माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि मग हसू दाबतो. दाबू नका. माझी आई जाड होती, आजीही जाड होती, आणि दोघींनी आयुष्यभर डोक्यावर पाट्या वाहिल्या. मला जाडीची लाज कधी वाटली नाही आणि या वयात आता वाटून घ्यायचीही नाही.

नाशिकमधल्या एका फार्मसी कॉलेजात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. त्याआधी नव्वदच्या दशकात एका पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासत होते. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. लघवी ती लघवी. पण दोन हजार सालानंतरची तीन-साडेतीन वर्षं मी जे काम केलं, ते आमच्या शहरात तेव्हा दुसरं कोणी करत असल्याचं मला तरी माहीत नव्हतं. झाडपाल्याच्या अर्कांनी चरबीच्या पेशी तयार व्हायच्या थांबतात का, हे मी बघत होते.

आता हे काय प्रकरण असतं, ते सांगते. माणूस लठ्ठ होतो तो दोन तऱ्हांनी. अंगात आहेत त्या चरबीच्या पेशी फुगतात, आणि शिवाय नव्या तयार होतात. नव्या तयार होतात त्या साध्या, लांबट, चपट्या पेशींपासून. त्यांचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. उंदराच्या अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात. खाचा पाडलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत त्या सोडायच्या, खालून सतरंजी अंथरल्यासारख्या दाट पसरल्या की त्यांना तीन औषधांचं मिश्रण द्यायचं. ते मिश्रण म्हणजे ‘आता चरबी व्हा’ असा हुकूम. आठ-दहा दिवसांत त्यांच्या पोटात तेलाचे चकचकीत थेंब दिसायला लागतात, भिजलेल्या साबुदाण्यासारखे. मग एक लाल रंग घालायचा. तो फक्त तेलाला धरतो. बाकीचा धुऊन टाकायचा. जितका लाल, तितकी चरबी. हुकमाबरोबरच एखाद्या पाल्याचा अर्क घातला आणि लाल कमी आला, तर त्या अर्कात काहीतरी आहे. बस, एवढंच. बाकी सगळा चिकाटीचा मामला.

हे काम सुरू केलं भामरे सरांनी. सर नामपूरकडचे, कांद्याच्या शेतातून शिकून वर आलेले. वर्गात अगदी शुद्ध बोलायचे, पण आनंद झाला किंवा राग आला की थेट अहिराणीत उतरायचे. कॉलेजात माझ्यापेक्षा जास्त शिकलेली चार माणसं होती, तरी त्यांनी मला निवडलं. म्हणाले, “गांगुर्डेताई, तुमचा हात थरथरत नाही आणि तुम्ही काम करताना बोलत नाही.” दुसरं खोटं होतं. मी बोलायचे, पण पेशींशी.

पहिल्या पेशी मीच पुण्याहून आणल्या. द्रवाने काठोकाठ भरलेली तळहाताएवढी प्लास्टिकची बाटली, तळाला चिकटलेल्या पेशी. डिसेंबरची थंडी, एसटीच्या खिडक्यांतून वारा भसाभस आत येत होता आणि पेशींना गारठा चालत नाही. मी बाटली रुमालात गुंडाळली, पदराखाली पोटाशी धरली आणि सहा तास तशीच बसले. संगमनेरच्या आसपास कंडक्टरने विचारलं, “ताई, पोटात दुखतंय का?”

म्हटलं, “नाही हो, जीव सांभाळतेय.”

त्याने काय अर्थ घेतला कोण जाणे, पण पुढच्या थांब्यावर माझ्यासाठी चहा घेऊन आला. नाशिकला पोचून बघितलं तर पेशी ठणठणीत. सर म्हणाले, दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर मेल्या असत्या. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला एवढं पोट नाही.

कॉलेजात चरबीवर औषध काढतात ही बातमी गावभर झाली आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. येवल्याचे एक निवृत्त मास्तर कारल्याचा रस बाटलीत घालून घेऊन आले आणि म्हणाले, “एवढं टेस्ट करून ठेवा, मी बाजार करून येतो.” एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या आणि ती समोर असताना मला म्हणाल्या, “हिचं वजन करा आणि सांगा.” मुलगी पायाच्या बोटांकडे बघत उभी. मी तिला आत नेलं, सूक्ष्मदर्शकातून चरबीच्या पेशी दाखवल्या. ती म्हणाली, “किती छान दिसतात!” मी म्हटलं, “मग? उगाच का अंगाने जपून ठेवल्यात.” आईला ते आवडलं नाही.

पुढे सरकारी अनुदान आटलं, आणि त्यातच आमची उबवणपेटी मधूनमधून बंद पडायला लागली. उबवणपेटी म्हणजे पेशींना अंगाएवढी ऊब आणि ठरावीक हवा देणारं कपाट. ती नसेल तर सगळं बंद. याच सुमाराला शेठ आले. त्यांचं नाव शेठ एवढंच ठेवते. शहराला लागूनच, अंबडला त्यांचा चूर्ण-काढ्यांचा कारखाना होता. बोलायला गोड, हातात कायम पेढ्याचा बॉक्स. त्यांनी नवी उबवणपेटी आमच्याकडे वापरायला ठेवली आणि बदल्यात एक पाला तपासायला दिला. वजन उतरवायचं नवं चूर्ण त्यांना त्यापासून काढायचं होतं.

त्या झाडाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की उद्या कोणीतरी उकळून पिईल.

पहिल्या वेळचा निकाल मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. एका बाजूच्या खाचा लालभडक, आणि पाल्याचा अर्क घातलेल्या खाचा काचेसारख्या स्वच्छ. लालाचा ठिपका नाही. इतर पाल्यांनी रंग फार तर थोडा फिका व्हायचा, त्यातच आम्ही खूश असायचो. इथे काहीच नाही. सरांनी ताटली उजेडात धरली आणि ओरडले, “देख ताई, देख! लाल कोठे शे? लाल शेच नही!” शेठना फोन गेला. अर्ध्या तासात पेढे आले.

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, पहिलं पाकीट तुम्हाला. आधीचा फोटो आजच काढून ठेवू. सहा महिन्यांनी नंतरचा काढू. जाहिरातीला याहून चांगलं काय?”

सगळे हसले. सरही हसले. मी म्हटलं, “फोटो काढा. खाली लिहा, ही बाई तुमचं चूर्ण न खाता धडधाकट आहे.”

बोलून गेले, पण त्या दिवशी माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. कारण खाचा धुताना मी एक गोष्ट बघितली होती. पाणी गढूळ आलं होतं. पेशी निरोगी असल्या की तळाला घट्ट धरून बसतात, धुतलं तरी पाणी नितळ येतं. इथे भाताची पेज सांडावी तसा पांढुरका गाळ आला. मी तो ओतून दिला. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडात पेढा होता.

आमच्या प्रयोगाचा एक तक्ता असायचा, सरांनीच आखलेला. त्यात शेवटचा रकाना होता: ‘जिवंत पेशी’. त्यासाठी एक निळा रंग असतो. जिवंत पेशी त्याला आत घेत नाही, बाहेरच ठेवते. मेलेली पेशी निळी होते. दारावर राखण करायला आत कोणी उरलेलं नसतं ना! तो निळा रंग संपला होता, मागवलेला आला नव्हता. सर म्हणाले, “तो रकाना नंतर भरू.” तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा लाल नाही, आणि तिन्ही वेळा रकाना कोरा. दरम्यान शेठनी पाकिटाचा मजकूरही छापायला टाकला. हे तीन आठवडे मी गप्प बसले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग काशीबाई आल्या. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरच्या, पन्नाशीच्या, काटक. पाला त्याच गोळा करायच्या आणि शेठच्या माणसाला द्यायच्या. त्या वेळी ताजा पाला थेट कॉलेजात हवा होता म्हणून दोन गोणी घेऊन त्या एसटीने आल्या. फाटकावर उतरवून घ्यायला मी गेले. चहा दिला आणि सहज विचारलं, “तुमच्याकडे हा पाला कशासाठी वापरतात?”

“आमी? आमी नाय खात. गुरं पन तोंड लावीत नाय.”

“मग औषधाला?”

“नदीला पानी उतरलं का डोहात कुटून टाकत्यात. मासं येड्यावानी होऊन वर येत्यात. मंग हातानं धरायचं.” त्यांनी बशीतला चहा संपवला आणि माझ्याकडे बघितलं. “तुमी कशापायी घेता वो एवढा?”

“वजन उतरवायला.”

काशीबाई इतक्या हसल्या की वॉचमन बाहेर आला. “आमच्याकडं वजन हाय कुनाला? ज्याला हाय त्याला लय मान!” आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या, “शेठच्या मानसानं कधी इचारलंच नाय. इचारलं असतं तं सांगितलं असतं.”

इचारलंच नाय. पाला जिच्या हातून येतो तिला कोणी विचारलं नाही. रकाना आखला होता, त्याचंही कोणी विचारलं नाही. मला स्वतःचाच राग आला. चार दिवसांनी निळ्या रंगाची बाटली आली आणि मी कोणाला न सांगता प्रयोग पुन्हा लावला. या वेळी एक जास्तीची रांग ठेवली. त्या रांगेतल्या पेशींना चरबी व्हायचा हुकूम दिलाच नाही. साध्याच ठेवल्या आणि त्यांच्यावर फक्त पाल्याचा अर्क घातला.

दुसऱ्याच दिवशी निळा रंग घालून बघितलं. सगळं निळं. चरबी होणाऱ्या निळ्या, न होणाऱ्याही निळ्या. अर्काने चरबी थांबवली नव्हती, पेशीच मारल्या होत्या. मेलेल्या पेशी सुटून धुण्यात वाहून गेल्या, आणि रिकाम्या खाचेत लाल कुठून येणार? मग मी अर्क पातळ करत गेले, आणखी पातळ, जिथे पेशी जगतात तिथपर्यंत. जगल्या. आणि दहा दिवसांनी इतरांइतक्याच लाल झाल्या.

तक्ता घेऊन मी सरांसमोर उभी राहिले. शेवटचा रकाना पेनाने भरलेला होता.

सरांनी वाचलं, चष्मा काढला. “हे कोणी करायला सांगितलं?”

“तुमच्याच तक्त्याने.”

“ताई, तुमचं काम पेशी वाढवायचं. अर्थ लावायचं काम माझं.”

“अर्थ तुम्हीच लावा सर. मी फक्त मेलेल्या मोजल्या.”

“उद्या शेठ येतायत. ही उबवणपेटी त्यांची आहे, माहीत आहे ना? जुन्या तक्त्यावर सही करा. तिथे खोटं काहीच लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं नाही, सर. न लिहिलेलं आहे. सही मी भरलेल्या तक्त्यावर करीन. कोऱ्यावर नाही.”

“नोकरी कंत्राटी आहे तुमची.” हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात लहानपणी आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली जायची: कोणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा. मला ते तेव्हा पाठांतर वाटायचं. त्या दिवशी सरांच्या टेबलासमोर ते आठवलं आणि मी पेन उघडलं. हात थरथरला नाही. मी भरलेल्या तक्त्यावर सही केली, तो टेबलावर ठेवला आणि ताटल्या धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. सर खुर्चीतून उठले नाहीत. मग मीच आदल्या दिवशी लावलेल्या नव्या ताटलीत निळा रंग घातला आणि शेठना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

“वा, निळं छान दिसतंय,” शेठ म्हणाले.

“निळं म्हणजे मेलेलं.”

“चरबी मेली ना? मग झालं तर!”

“चरबी नाही मेली शेठ. चरबी व्हायच्या आधीची पेशी मेली. आणि जिला चरबी व्हायचंच नव्हतं, तीसुद्धा मेली. तुमचा पाला माणूस बघून वार करत नाही.”

“अहो, हे ताटलीतलं. पोटात गेल्यावर वेगळं होतं.”

“होत असेल. पोटात गेल्यावर माणूस मरतो असं मी म्हणतच नाही. मला माहीत नाही. पण ताटलीतलं पोटात लागू नाही, तर पाकिटावर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असं छापताय ते कशाच्या जोरावर? चालत असेल तर दोन्हीकडे चालवा, नाहीतर दोन्हीकडून काढा.”

शेठचा गोडवा उतरला. “बाई, तुमच्यासारख्या बाईने खरं तर आमचे आभार मानायला हवेत. जगभर लोक बारीक व्हायला धडपडतायत.”

“माझ्यासारखी म्हणजे जाड ना? जाड बायकांनाच तर तुम्ही हे विकणार आहात. म्हणून तर मला जास्त लागतंय.”

तेव्हा भामरे सर उठले. मला वाटलं, मला बाहेर काढणार. त्यांनी शेठना बाजूला व्हायला सांगितलं, स्वतः बसले आणि मोजायला लागले. हातातलं मोजणी-यंत्र टकटक वाजत होतं. एक खाच, दुसरी, तिसरी. शेठ घड्याळ बघत होते. बराच वेळ गेला. सर मान वर न करता पुटपुटले, “समद्या मरी गयात.” मग शेठकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, “अहवाल बाईंच्या तक्त्याप्रमाणे जाईल. आमच्या कॉलेजचं नाव पाकिटावर दिसलं, तर हा तक्ता मी वर्तमानपत्रात देईन.”

चौथ्या दिवशी टेम्पो आला आणि उबवणपेटी घेऊन गेला. हे होणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जुनी पेटी आता पुरतीच बंद पडली होती; ती दुरुस्त होईना, दुसरी मिळेना. पेशी दोन दिवस कशाबशा तग धरून होत्या. मग त्यांत ब्लीच ओतून त्या संपवाव्या लागल्या. तसा नियमच असतो. तीन वर्षं ज्यांना एक दिवस उपाशी ठेवलं नाही, दिवाळीच्या सुट्टीतही येऊन ज्यांचं अन्नपाणी बदललं, त्या माझ्याच हाताने मारल्या. खऱ्याची किंमत म्हणतात ती मी ओतली. सर दारात उभे होते. “चूक माझी होती, ताई,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, “तक्ता तुम्हीच आखला होतात, सर.” माफ केलं असं मी म्हटलं नाही. त्यांनीही अपेक्षा केली नाही.

मला वाटलं, संपलं. पण भामरे सर नामपूरचे; एकदा रुसले की रुसले, आणि एकदा पेटले की पेटले. त्यांनी ठरवलं की हा निकाल नागपूरच्या परिषदेत मांडायचा. मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावायचा आणि शेजारी उभं राहायचं, अशी पद्धत असते. शीर्षक त्यांनी सरळ दिलं: हा पाला चरबीच्या पेशी थांबवत नाही, मारतो. नावं दोन, पहिलं माझं. मी म्हटलं, सर, मी बीएस्सी. ते म्हणाले, “पेशींनी कुठे डिग्री विचारली?” आणि खाली आभारांत काशीबाईंचं नाव, पाड्यासकट.

नागपुरात दिवसभर आमच्या कागदापाशी कोणी थांबलं नाही. आजूबाजूला सगळ्यांचे पाले चालत होते. याने चरबी इतकी कमी, त्याने तितकी कमी. लोक त्यांच्याभोवती गर्दी करत होते. आमच्याकडे एक प्राध्यापक आले, शीर्षक वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा शीर्षक वाचलं आणि गालात हसून निघून गेले. सर जेवायला गेले. मी उभी राहिले. पाय दुखत होते, पण बसायचं नाही असं ठरवलं होतं.

चारच्या सुमाराला एक मुलगी आली. पंचविशीची असेल, गळ्यात परिषदेचा बिल्ला, विदर्भातल्याच कुठल्यातरी कॉलेजची. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. परत वरून वाचलं. मग झाडाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, “आमच्याकडे व्यापारी याला दुसऱ्या नावाने देतो. पण पानं हीच आहेत.” तिचा आवाज बारीक झाला. “मी दोन वर्षांपासून याच्यावर काम करतेय, मॅडम. एकदम स्वच्छ येतं. लाल नसतंच.”

“धुताना पाणी गढूळ येतं का?”

तिने फोटोवरचं बोट काढलं. मी खुर्ची पुढे ओढली, ती बसली.

“तुम्ही मोजलंत?” तिने विचारलं.

“मोजलं. तुम्ही?”

“आमच्या तक्त्यात तो रकाना आहे. सर म्हणाले, नंतर भरू.”

मी चहा आणून दिला. तिने घोटभर घेतला आणि फोन करून येते म्हणून बाहेरच्या बूथवर गेली. काचेतून ती मला दिसत होती. आधी मान खाली घालून ऐकत होती, मग बोलायला लागली, मग हात हलवून बोलायला लागली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण चाल वेगळी होती.

“काय म्हणाले सर?”

“म्हणाले, आता बोलून उपयोग नाही, लेख छापायला गेलाय.”

“मग?”

“मी म्हटलं, तर मग त्यातून माझं नाव काढा. सोमवारी मी मोजणार आहे.” तिने पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. “मॅडम, निळा रंग किती घालायचा, किती वेळ ठेवायचा, सगळं लिहून द्या.”

मी तिच्या शेजारी बसले आणि लिहायला लागले.